ग्लास नव्हे, काच

द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये इंग्रजीच्या बाईचं काय काम, हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता मी रागावत नाही. माझ्या धाकट्या जावेनं तर एका लग्नाच्या पंगतीत वाढता वाढता विचारलं होतं, "म्हंजी वैनी, तुमी घडास्नी इंग्रजी शिकवता व्हय?" सगळी पंगत हसली. मीही हसले. पण ते काम करताना मी जेवढी धास्तावून जगले, तेवढी वर्गात शिकवताना कधी जगले नाही.

मी इंग्रजीत एम. ए. केलं. कवठे महांकाळला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. म्हणजे तास झाला तर पगार, सुट्टी लागली की आम्हालाही सुट्टी. तिथून मी आबांच्या पॅकहाऊसवर गेले. आबा म्हणजे पॅकहाऊसचे मालक. शिक्षण दहावीपर्यंत, पण इंग्रजी त्यांना कधी अडलं नाही, कारण अडलं तरी ते थांबत नसत. मी येण्याआधी परदेशी गिऱ्हाइकांचे निरोप ते स्वतःच वाचायचे आणि स्वतःच उत्तरं द्यायचे. एकदा तिकडून कळवलं, पेट्यांमध्ये पेपर कमी आहे. त्यांना हवा होता घडांखाली अंथरायचा मऊ कागद. आबांच्या मते पेपर म्हणजे कागदपत्रं. त्यांनी पुढच्या खेपेला प्रत्येक पेटीत सगळ्या सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स घालून पाठवल्या. त्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यामुळं मला नोकरी लागली.

पॅकहाऊस ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बागेतून सकाळी क्रेटमधून द्राक्षं येतात. लांबलचक टेबलांपाशी डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेल्या बायका उभ्या असतात. त्या कात्रीनं एकेक खराब मणी काढतात, घड नीट करतात, वजन करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या डबीत बसवतात. त्या डबीला पनेट म्हणतात. पनेटी पेटीत, पेट्या थंड खोलीत, तिथून कंटेनरमध्ये आणि कंटेनर बोटीवर. तीन-चार आठवड्यांनी इंग्लंडातल्या एखाद्या दुकानात कुणीतरी ती डबी उघडतं. मधल्या या सगळ्या वाटेवर काही बिनसलं की तिकडून फोन येतो, आणि तो मी घ्यायचा, हे माझं काम.

इंग्रजीतली एक गंमत मी वर्गात शिकवायचे तेव्हा मला रुक्ष वाटायची. एकच शब्द, पण मोजता येण्याजोगा असला तर एक अर्थ आणि मोजता येत नसला तर दुसरा. आपल्याकडं इंग्रजी शब्द आले ते बहुतेक वस्तू होऊन आले. पेपर आला तो वाचायला नाहीतर परीक्षेत सोडवायला. रूम आली ती भाड्यानं द्यायला. पण इंग्रजीत 'अ रूम' म्हणजे खोली आणि नुसतं 'रूम' म्हणजे जागा. बोटीवर 'नो रूम' आहे असं मुंबईच्या एजंटानं कळवलं, तेव्हा आबा माझ्यावर वैतागले होते. "आवं मॅडम, द्राक्षास्नी खोली कशाला पायजे? सांगा त्यास्नी, खोली न्हाई तर व्हरांड्यात ठिवा म्हणावं." असल्या गोष्टी मी घरी येऊन सांगायचे आणि सगळे पोट धरून हसायचे. पण आता जो सांगणार आहे त्या दिवसापासून मी त्या सांगायची बंद झाले.

फेब्रुवारी संपत आला होता. हंगाम ऐन भरात होता. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी आणि हलिमाभाभी मागच्या खोलीत डबे उघडून बसलो होतो. हलिमाभाभी पॅकिंगच्या सगळ्या बायकांच्या मुकादम. माहेर तासगावच्या बागवानांचं. तीन पिढ्या फळांच्या धंद्यातल्या. घड उचलून वास घेतला की कुठल्या बागेतला ते सांगणाऱ्या. इतक्यात आबा हसत हसत आत आले. हातात मोबाईल.

"भाभी, तुमच्या बायका च्या पिऊन ग्लास पेटीत घालून इंग्लंडला धाडत्यात बगा! मेसेज आलाय तिकडनं. मीच दिलं उत्तर, मॅडम जेवत हुत्या म्हणून."

हलिमाभाभींनी हातातला घास खाली ठेवला. "आबा, आत चहा न्हेऊच देत न्हाई मी कुणाला. ग्लास जाईल कसा?"

मी मोबाईल मागून घेतला. मेसेज एका ओळीचा होता. 'वी हॅव फाउंड ग्लास इन युअर ग्रेप्स. प्लीज कॉल.' त्याखाली आबांचं उत्तर: 'सॉरी मॅडम. लेडीज टी ग्लास. यू कीप. गिफ्ट फ्रॉम इंडिया.' आणि शेवटी दात काढून हसणारा पिवळा चेहरा.

मी तो मेसेज पुन्हा वाचला. पुन्हा वाचला. 'ग्लास'च्या आधी 'अ' नव्हता. पाणी प्यायचा पेला सापडला असता तर त्या बाईनं 'अ ग्लास' लिहिलं असतं. ती इंग्रज बाई, तिच्या हातून तो 'अ' सुटणार नाही. नुसतं ग्लास म्हणजे काच. द्राक्षात काच सापडली होती आणि आम्ही तिला ती भेट म्हणून ठेवून घ्यायला सांगितलं होतं.

भाभी म्हणाल्या, "काय झालं?" मी तिथूनच त्या बाईला फोन लावला.

मेसेज पाठवणारी बाई हेलन. आमचं गिऱ्हाईक म्हणजे तिकडची एक मोठी फळांची कंपनी, तिच्या गोदामात ही माल तपासायची. दोन हंगाम मी तिच्याशी बोलत होते. फोनवर आधी हवापाण्याची चौकशी करायची तिची रीत. त्या दिवशी तिनं ती केली नाही. मी नाव सांगताच ती म्हणाली, "तुम्हाला हा विनोद वाटतो का?"

मी माफी मागितली. समजण्यात चूक झाली म्हणाले. ती ऐकून घेत होती, पण तिचा आवाज काही सैल होईना. तिनं सांगितलं ते असं. दुकानात माल मांडताना एका कामगाराच्या बोटात काचेचा तुकडा घुसला. दोन पनेटींमध्ये तुकडे निघाले. पेटीवरच्या लेबलावरून माल आमचा, शेवटच्या टेबलावर भरलेला. त्या कंटेनरमधला थोडा माल अजून गोदामात होता, बाकीचा दुकानांत गेला होता आणि काही लोकांच्या घरी. ही काच कसली, कुठून आली आणि आणखी कशाकशात असू शकेल, हे तिला आज संध्याकाळच्या आत पाहिजे होतं. ते कळलं तर तेवढाच माल परत घेता येईल. नाही कळलं तर आमचं प्रत्येक द्राक्ष फेकायचं आणि लोकांना जाहीर सांगायचं की यांची द्राक्षं खाऊ नका.

"फोटो पाठवता का?" मी विचारलं.

"दुकान लांब आहे. तुकडे माझ्याकडे यायला निघालेत. आले की सांगते."

मी फोन ठेवला. आबा दारात उभे होते. मघाचं हसू अजून ओठांच्या कडेला होतं.

"आबा, ग्लासचे दोन अर्थ होतात. हा प्यायचा ग्लास नाही. काच आहे. काचेचे तुकडे सापडलेत द्राक्षात."

ते खुर्चीवर बसले. मग एकदम उठले. "बांगडी!" म्हणाले.

पॅकहाऊसमध्ये काचेच्या बांगड्या घालून यायला बंदी असते. बायका आत येताना त्या काढून ठेवतात आणि जाताना घालतात. कुरकुरतात, पण काढतात. त्या हंगामात एकच अपवाद होता. वैशाली. जवळच्या वाडीतली, त्याच हिवाळ्यात लग्न झालेली. मनगटभर हिरवा चुडा. सासू म्हणाली होती, पहिलं वर्ष चुडा उतरवायचा नाही, त्यापेक्षा काम नको. हलिमाभाभींनी तोडगा काढला. चुड्यावरून कापडाची बाही, तिला वर-खाली दोन्हीकडं घट्ट नाडी. पोरीचा हात हलका होता, मणी न दुखवता घड नीट करायची, म्हणून भाभींना ती सोडवत नव्हती. आणि ती उभी राहायची शेवटच्या टेबलाला.

आबांनी तिला बोलावलं. सगळ्या बायकांची कामं थांबली. वैशाली जाळीची टोपी सारखी करत आली. तिला वाटलं असावं, काम चांगलं केलं म्हणून बोलावलं.

"बाही काढ," आबा म्हणाले. तिनं काढली. "बांगडी फुटलीय का तुझी एखादी?"

आपल्याकडं बांगडी फुटली म्हणत नाहीत, त्यातून नव्या नवरीपुढं तर नाहीच. तिचा चेहरा उतरला. ती हळू आवाजात म्हणाली, "एक वाढली हुती आबा. पर घरी. धुणं धुताना."

"घरीच कशावरनं?"

"घरीच." मग ती थांबली. आठवायला लागली. सगळे तिच्याकडं बघत होते. "भौतेक घरीच."

त्या 'भौतेक'नं सगळं झालं. आबांचा आवाज पार शेडच्या पत्र्याला लागला. तिकडं कुणाच्या तोंडात काच गेली, आमचा सगळा धंदा बसला, आणि तू भौतेक म्हणतीस? हलिमाभाभी मधे पडल्या. "आबा, बाही मी बांधलीया. बोलायचं तर मला बोला." पण वैशाली काही ऐकतच नव्हती. तिनं एवढंच विचारलं, "कुणाच्या तोंडात गेली?" मग ती टोपी टेबलावर ठेवून बाहेर पडली आणि शेताच्या बांधावरून वाडीकडं चालू लागली. भाभी दारापर्यंत गेल्या, हाका मारल्या. तिनं मागं पाहिलं नाही.

मी ऑफिसात येऊन बसले. हेलनला मेसेज केला, काचेचा रंग कोणता ते कळताच सांगा. उत्तर येईना. त्या वेळात माझ्या डोक्यात काय काय आलं ते लिहिता येणार नाही. मी ज्या देशात कधी गेले नाही तिथलं एक स्वयंपाकघर मला दिसत होतं. टेबलावर आमची पनेट आणि तिच्याकडं हात पुढं करणारं एक मूल. पॅकहाऊसमध्ये कात्र्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला होता, पण बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या. आबा येरझाऱ्या घालत होते. "हिरवी हाय म्हणूदे एकदा त्या बाईला," मधूनच म्हणायचे. "मग आपल्याला सांगता तरी येईल."

फोन वाजला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. हेलनसमोर तुकडे होते.

"रंग नाही," ती म्हणाली. "पांढरी काच. खूप पातळ, पेल्याच्या काचेपेक्षा पातळ. थोडी वळलेली. आणि एका बाजूला पांढरी पूड आहे. माझ्या हातमोज्याला लागतीय."

मी वर पाहिलं. माझ्या डोक्यावर ट्यूबलाइट होती. जुनी, लांब, आतून पांढरी.

"थोड्या वेळात मी परत फोन करते," म्हणाले आणि आत गेले. पॅकिंगच्या टेबलांवर सगळीकडं ट्यूबा होत्या आणि प्रत्येकीवर प्लॅस्टिकचं कव्हर होतं. तो नियमच आहे, ट्यूब फुटली तरी काच कव्हरात राहावी. फक्त शेवटच्या टेबलावर ट्यूब नव्हती. तिथं नव्या पद्धतीचा प्लॅस्टिकचा एलईडी लावलेला होता.

"आबा, शेवटच्या टेबलावरची ट्यूब कधी बदलली?"

आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. बराच वेळ ते तिच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. त्यांना हे आत्ता आठवलं की दुपारपासूनच आठवत होतं, हे मला आजही ठाऊक नाही.

"म्हैना झाला आसंल," ते म्हणाले. "कव्हर तडकलं हुतं. नवं सांगितलं हुतं, ते आलं न्हवतं. बायका जेवायला गेल्या हुत्या. लाइट गेली आन् फाटदिशी आली. ट्यूब निसटून टेबलाच्या कडंवर पडली. मी आन् वायरमन, दोघंच. टेबलावरचा सगळा माल मी फेकून दिला मॅडम. द्येवाशपथ. टेबल पुसून घ्येतलं. पलीकडं ट्रॉलीवर भरलेल्या पनेटी हुत्या, झाकणं लावायची राहिली हुती. ती लांब हुती. मला वाटलं, तितवर कशाला जातीया काच. कंटेनर दारात हुबा हुता."

मग आबा माझ्या जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, मघा तुमीच म्हणला न्हवं, ग्लासचं दोन अर्थ हुत्यात?"

"हो."

"मग दुसरा सांगा. पाण्याचा ग्लास हुता, एका बाईच्या हातनं फुटला, माल फेकायचा राह्यला. बाईची चूक झाली की बाईला काढली म्हणता येतं. ट्यूबला कव्हर न्हवतं म्हणलं तर पॅकहाऊसच बंद व्हईल. इथं किती जणींचं घर चालतंय, तुमाला म्हाईत हाय."

मला माहीत होतं. माझंही चालत होतं. आयुष्यभर मी दोन अर्थांतला फरक सांगत आले आणि आता कुणीतरी मला त्यांची अदलाबदल करायला सांगत होतं. वर्गात ते वाक्य चुकीचं ठरलं असतं. इथं ते खपलं असतं. नव्हे, मीच ते खपवू शकत होते, दुसरं कुणी नाही.

"आबा," मी म्हणाले, "मी फोन स्पीकरवर लावते. तुम्ही बोला. तुम्ही मराठीत जे म्हणाल तेच मी इंग्रजीत सांगेन. माझ्या मनाचं एक अक्षर घालणार नाही. पण ती पूड कसली, असं तिनं विचारलं तर काय सांगू, ते आधी ठरवा. पाण्याच्या ग्लासाला पूड नसते."

मी फोन लावला. नंबर दोनदा चुकला.

हेलननं फोन लगेच उचलला. मालक शेजारी आहेत असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, आधी मला एक सांगू दे. दुकानांतल्या पनेटी उचलायला सुरुवात झालीय, पण काही विकल्या गेल्यात. या लहान पनेटी आहेत, शाळेच्या डब्यात देतात त्या. "दीज आर फॉर चिल्ड्रन," ती म्हणाली.

मी भाषांतर करायला आबांकडं वळले, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चिल्ड्रन त्यांना कळलं होतं.

ते फोनवर वाकले आणि म्हणाले, "सांगा. ट्यूब हुती. कव्हर न्हवतं. मी तिथंच हुतो. बायकांची चूक न्हाई."

मी सांगितलं. शेवटचं वाक्य मी दोनदा सांगितलं, तेवढा एक शब्द जास्त घातला असेल तर असेल. हेलननं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं आबांनी उत्तर दिलं. ट्रॉलीवर साधारण किती पनेटी होत्या, त्या कोणत्या कंटेनरमध्ये गेल्या, याची वायरमनशी तिथंच फोनवर बोलून खात्री केली. दुसऱ्या कंटेनरमध्ये त्यातलं काही गेलं नव्हतं, हे पक्कं झालं. हेलन म्हणाली, तेवढाच माल उचलते. पॅकहाऊसचं काय ते वरचे ठरवतील.

वरच्यांनी ठरवलं. त्या हंगामातली आमची उरलेली मागणी रद्द झाली. तपासणीवाले आले, सगळ्या ट्यूबा उतरवल्या गेल्या. बागांमधला माल बाजारात आणि बेदाण्याला गेला. पुढच्या वर्षी निम्म्यानं काम सुरू झालं आणि आबांच्या तोंडून पुन्हा कधी मेसेजचं उत्तर 'मीच दिलं' असं ऐकू आलं नाही. लोक म्हणतात, खोटं बोलले असते तर वाचले असते. म्हणोत. आबांनी त्यावर मला कधी एक शब्द ऐकवला नाही. चांगलं केलंत, असंही म्हणाले नाहीत.

पण त्या संध्याकाळी फोन ठेवल्यावर आमच्यापुढं वेगळीच काळजी होती. वैशालीचा फोन बंद लागत होता. भाभींनी वाडीतल्या एका बाईकडून निरोप धाडला, तो पोचला की नाही कळेना. दुसऱ्या दिवशी तपासणीची धावपळ, गोदामाचे फोन. त्या सगळ्यातून उसंत मिळाली तशी मी आणि हलिमाभाभी भाभींच्या मुलाच्या रिक्षातून वाडीवर गेलो. आबा येतो म्हणाले होते. रिक्षापर्यंत आले आणि भाभींना म्हणाले, "तुमी जाऊन या. मी मागनं एकटा जाईन." ते नंतर खरंच गेले, हेही सांगायला पाहिजे.

वैशालीच्या सासूनं आम्हाला पाहिलं आणि 'या' म्हणाली नाही. "पोरीनं चुडा उतरवलाय," ती म्हणाली. "नव्या नवरीनं. सम्दा. इचारलं तर बोलत न्हाई. जेवत न्हाई, डोळ्याला डोळा न्हाई. काय केलंसा तुमी तिला?"

निरोप पोचला नव्हता.

वैशाली आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. मोकळी मनगटं मांडीवर. आम्हाला बघून ती उठली नाही. मी तिच्यापुढं जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. ट्यूब, कव्हर, ट्रॉली. तुझी बांगडी नव्हती, काच पांढरी होती, आबांनी स्वतःच्या तोंडानं तसं सांगितलं. ती ऐकत होती, पण मला वाटलं, तिच्यापर्यंत काही जात नाहीय. मी बोलायची थांबले.

मग तिनं विचारलं, "मॅडम, खाल्ली का कुणी?"

"नाही."

"लहान पोरानं?"

"नाही गं. सगळ्या पनेटी सापडल्या. विकलेल्यासुद्धा लोकांनी परत आणून दिल्या. मी आज दुपारीच बोललेय त्या बाईशी. कुणालाही काही झालेलं नाही. एका माणसाच्या बोटाला लागलं तेवढंच."

"खरंच?"

"खरंच," हलिमाभाभी म्हणाल्या आणि त्यांनी तिचं मनगट हातात घेतलं.

वैशालीनं मान हलवली. रडली नाही. सासू आमच्या मागं दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती आता 'बसा' म्हणाली आणि चहा टाकायला गेली. आम्ही बाहेरच्या खोलीत येऊन बसलो. चहा आला. सासू विचारत होती, आम्ही सांगत होतो. ट्यूब म्हणजे कुठली, ती एवढी लांबून कशी उडाली, इंग्लंडातल्या लोकांनी पैसे देऊन घेतलेली द्राक्षं परत का दिली, धुऊन खाता आली असती की. बोलता बोलता माझं लक्ष आत गेलं.

वैशाली तशीच भिंतीला टेकून बसलेली होती. तोंड किंचित उघडं, मान एका खांद्यावर कललेली. ती झोपली होती. भाभींनीही पाहिलं. सासूनं पाहिलं. तिनं हळूच उठून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं, म्हणजे वाऱ्यानं आपटायला नको. आम्ही उरलेला चहा तसाच ठेवला, चपला हातात घेतल्या आणि अंगणापर्यंत अनवाणीच गेलो.